‘त्यांनाच नको असतं’ म्हणण्याआधी जुनं मिनिट्स बुक काढा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई मूळच्या वसईच्या, लग्न होऊन पुण्याकडे आल्या, वय पन्नाशीच्या आसपास, पॅरिश कौन्सिलवर (चर्चच्या स्थानिक विभागाच्या, म्हणजे पॅरिशच्या, सल्लागार मंडळावर) ही दुसरी टर्म. पॅरिश मोठी आहे, गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडूकडची कुटुंबं जास्त, कारभार बहुतेक इंग्रजीत. रेल्वेलाइनच्या पलीकडे पॅरिशच्याच हद्दीत एक वस्ती आहे, तिथे श्रीरामपूर, राहाता, संगमनेर या बाजूने कामासाठी आलेली मराठी कॅथोलिक घरं आहेत, बहुतेक मूळची दलित समाजातली. हाउसकीपिंग, सिक्युरिटी, धुणीभांडी, कंपनीत कंत्राटी काम. सिनॉडचा (चर्चने जगभर चालवलेल्या विचारविनिमयाचा) भाग म्हणून कौन्सिलने ‘ऐकण्याची सभा’ ठेवली, रविवारी सकाळच्या इंग्रजी मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर), हॉलमध्ये, प्रोजेक्टर, छापील फॉर्म, नंतर नाश्ता. वस्तीतून दोन-चार जण आले, मागच्या खुर्च्यांवर बसले, ‘सगळं ठीक आहे फादर’ म्हणाले आणि गेले. जाताना गेटवर एक बाई ताईंना म्हणाली, ‘ताई, मागच्या वेळी पण लिहून घेतलं होतं.’ आता कौन्सिलमध्ये सूर असा आहे की आपण दार उघडलं, त्यांनाच नको असतं, रेशन असलं की बरोबर येतात. आणि ताईंना सगळे सांगतात, तुम्ही मराठीच ना, तुम्हीच मांडा त्यांचं. ताई विचारतात की ही माणसं बोलती कशी करायची, कौन्सिलच्या म्हणण्यात काही तथ्य आहे का, आणि राजीनामा द्यावा का.

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात मी अडकलो ते गेटवरच्या बाईच्या वाक्यापाशी. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते त्या दिवशी तुमच्या सभेत बोललं गेलेलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच, आणि पैज लावतो की ते मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, आलेलं नाही. तुम्ही विचारताय ही माणसं बोलत का नाहीत. मला वाटतं ती बोलून झालीयेत. उत्तर तुमच्याकडे बाकी आहे.

‘मागच्या वेळी’ म्हणजे बहुतेक 2021-22. पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर 2021 मध्ये सिनॉड सुरू केला तेव्हा जगभरातल्या डायोसिसना (एकेका बिशपच्या अखत्यारीतल्या विभागांना) सांगितलं होतं की पॅरिश पातळीवर लोकांचं ऐका, जे चर्चपासून लांब पडलेत त्यांचं तर आधी. बऱ्याच ठिकाणी ऐकलंही गेलं, फॉर्म भरले, त्याचा गोषवारा झाला, तो वर गेला, त्याचाही गोषवारा झाला, रोममध्ये 2023 आणि 2024 ला अधिवेशनं झाली, 26 ऑक्टोबर 2024 ला अंतिम दस्तऐवज मंजूर झाला आणि फ्रान्सिसनी तो जसाच्या तसा स्वीकारला. आता पोप लिओंच्या काळात तो खाली उतरवण्याचं काम चालू आहे, 2028 च्या ऑक्टोबरपर्यंत त्याचा कार्यक्रम आखलेला आहे. हे सगळं चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण वस्तीतल्या बाईच्या बाजूने बघा, तिने काहीतरी सांगितलं, कुणीतरी लिहून घेतलं, आणि पुढे तिला कुणी सांगितलंच नाही की बाई, तुझ्या त्या म्हणण्याचं असं असं झालं. आपण बँकेत अर्ज दिला आणि एवढी वर्षं उत्तर नाही आलं तर त्याच खिडकीवर परत अर्ज द्यायला जाऊ का हो?

म्हणून पहिलं काम, आणि ते कौन्सिलची परवानगी न मागता करता येतं, सेक्रेटरीकडून जुनी मिनिट्स बुकं आणि त्या वेळचे फॉर्म मागून घ्या. वस्तीतून आलेली एकेक मागणी वेगळ्या कागदावर उतरवा. तुम्ही पत्राच्या शेवटी ज्या ‘छोट्या छोट्या कुरबुरी’ लिहिल्यात त्याच बहुधा निघतील: मराठी मिस्सा महिन्याच्या चौथ्या रविवारी दुपारी 3 ला असतो तो संध्याकाळी घ्या, मुलं महापालिकेच्या मराठी शाळेत जातात आणि कॅटेकिझम (धर्मशिक्षणाचा वर्ग) इंग्रजीत आहे, आणि मयतीच्या वेळी ऑफिसात आधी वर्गणीचं कार्ड बघतात. ताई, याला कुरबुरी म्हणू नका. दुपारी 3 ची वेळ कुणाच्या सोयीची आहे ते बघा. मॉलमधल्या हाउसकीपिंगवाल्याला रविवारी सुट्टी नसते, त्याचा वीकली ऑफ मंगळवारी नाहीतर बुधवारी येतो, रविवारी तर त्याला डबल काम असतं. म्हणजे जी वेळ दिलीय ती मिळून न मिळाल्यासारखीच, आणि मग हजेरी कमी दिसली की आपणच म्हणणार, बघा, मराठी मिस्साला कुणी येत नाही.

वर्गणीच्या कार्डाचं तर मी जरा जोरातच सांगतो. चर्चचा कायदाच आहे, कॅनन 1181, अंत्यविधीच्या अर्पणाबाबत माणसं बघून वागू नये आणि गरिबाला साजेशा अंत्यविधीपासून वंचित ठेवू नये. कॅनन 848 म्हणतो गरिबीमुळे कुणी संस्कारांना मुकता कामा नये. हे फादरांना माहीत असतं, ऑफिसात बसणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत नसतं, तो बिचारा ‘सिस्टीम’ पाळतो. घरात प्रेत ठेवलंय आणि थोरला मुलगा ऑफिसात उभा आहे आणि काउंटरपलीकडून आवाज येतो, ‘14 महिन्यांचं बाकी दिसतंय तुमचं’, हे एकदा घडलं की ते घर पुढची वीस वर्षं तुमच्या कुठल्याही सभेत ‘सगळं ठीक आहे फादर’ एवढंच बोलणार.

तर प्रत्येक मागणीपुढे उत्तर लिहा. हो, अमुक तारखेपासून. किंवा नाही, कारण हे. ‘नाही’ सुद्धा चालेल, लोक नाही ऐकून घेतात, गप्प राहिलेलं मात्र विसरत नाहीत. आणि हे उत्तर मराठीत, मिस्सामध्ये, फादरांच्या तोंडून जाऊ दे. त्यानंतर नवीन काही विचारायला जा, त्याआधी नको.

आता ‘रेशन असलं की येतात’. हे वाक्य बोलणारी माणसं वाईट असतात असं नाही, त्यातली काही वर्षानुवर्षं पोती उचलतायत, मी त्यांना ओळखतो म्हणजे अशांना ओळखतो. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात येत नाही. मदतीची यादी जो बनवतो त्याच्यासमोर तक्रार कोण करेल? तुमच्या सभेत पुढच्या टेबलावर व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे, म्हणजे गरिबांना मदत करणाऱ्या पॅरिशमधल्या मंडळाचे, प्रेसिडेंट बसले होते असं तुम्हीच लिहिलंय. शाळेची फी कुणाची भरायची ते ठरवणारा माणूस समोर पेन घेऊन बसलाय आणि विचारतोय, काही अडचण आहे का. अहो कसली अडचण असणार मग! मदत आणि ऐकणं यांची माणसं वेगळी, दिवस वेगळा, जागा वेगळी ठेवा. ऐकायला जाल त्या दिवशी पिशवी नको, बिस्किटाचा पुडा पण नको, बॅनर नको आणि कृपा करून फोटो नको.

आणि फॉर्म तर नकोच. हे जरा सविस्तर सांगतो कारण वसईतून आलेल्या माणसाला हे सहसा जाणवत नाही. तुम्ही पिढ्यान्‌पिढ्याचे ख्रिस्ती, नाव, आडनाव, दाखला सगळं एका रेषेत. नगरकडच्या कितीतरी घरांत तसं नाही. 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश आहे, अनुसूचित जातीचा दर्जा कुणाला मिळणार त्याचा, मूळ आदेशात हिंदू आणि मोजक्याच शीख जाती होत्या, 1956 मध्ये सगळे शीख धरले, 1990 मध्ये बौद्ध धरले, ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर. म्हणजे जात तीच, गावकुसाबाहेरचं घर तेच, गावातला अपमान तोच, पण बाप्तिस्मा घेतला की सवलत गेली. यामुळे दाखल्यावर ‘हिंदू’ आणि घरातल्या भिंतीवर मतमाऊलीची (मारियामातेची) तसबीर अशी घरं खूप आहेत आणि त्यांच्यावर ढोंगीपणाचा शिक्का मारायचा अधिकार तुम्हाला मला नाही. अशा घरातल्या माणसापुढे तुम्ही नाव, पत्ता, मोबाइल, सही असा फॉर्म ठेवला की तो आधी हा विचार करणार, हा कागद जाणार कुठे? पोरीची स्कॉलरशिप, पोराचं अॅडमिशन सगळं त्याच्या डोळ्यासमोर येणार. म्हणून तो फॉर्म कोरा परत आला आणि तुमच्या कौन्सिलने त्याचा अर्थ ‘रस नाही’ असा काढला.

‘पण आम्ही तर जात मानतच नाही’ असं कौन्सिलमध्ये कुणीतरी म्हणणारच, म्हणाले असतीलच. त्यांच्याशी भांडू नका, फक्त एवढं सांगा की भारतातल्या कॅथोलिक बिशप्सच्या परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं आणि त्यात चर्चच्या आतही भेदभाव चालतो हे स्वतःच मान्य केलंय. बिशप मान्य करतात तर आपल्याला काय हरकत. आणि मग जातीवर चर्चा न करता साध्या गोष्टी विचारा: गेल्या पाच वर्षांत वाचन कुणी केलं, अर्पणाची मिरवणूक कुणी नेली, सणाचे प्रायोजक कोण, नाताळच्या कार्यक्रमात स्टेजवर कोण आणि खुर्च्या कुणी उचलल्या. नावं लिहून काढली की पुढे काही बोलावं लागत नाही.

आता तुमच्याबद्दल, ताई. ‘तुम्ही मराठीच ना, तुम्हीच मांडा त्यांचं’ हे तुम्हाला मान वाटतोय आणि ओझंही. मला ही सगळ्या प्रकरणातली गोड अडचण वाटते. भाषा एक आहे म्हणून आयुष्य एक आहे असं थोडंच. वसईची वाडी, स्वतःची जमीन, गावात चर्च, घरात दोन-तीन फादर-सिस्टर, हे तुमचं मराठीपण. त्यांचं मराठीपण म्हणजे दुष्काळ, ऊसतोड, साखर कारखान्याची चाळ, मिशनची शाळा, आणि सप्टेंबरमध्ये हरेगावची यात्रा. तुम्ही त्यांच्या वतीने बोललात की कौन्सिलची सोय होते, कारण मग त्यांना खुर्ची द्यायची गरजच उरत नाही. तुम्ही मनापासून बोलता त्यामुळे तर आणखीच!

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय आठवतो का? जेरुसलेममध्ये रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जात होतं, त्यांच्या लोकांनी कुरकुर केली. बारा प्रेषितांनी ‘बघतो’ म्हणून विषय संपवला नाही, आणि स्थानिकांपैकीच एखादा ग्रीक भाषा येणारा माणूसही नेमला नाही. लोकांनाच सात जण निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप आणि पुढचे पाच, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांकडे वाटपाचं काम गेलं असं दिसतं. हा उतारा आपण डीकनपदाच्या (फादरच्या खालच्या दीक्षित सेवकपदाच्या) संदर्भात इतका ऐकतो की त्यातली ही बाजू कानाआड जाते.

तर कौन्सिलवर वस्तीची माणसं हवीत, आणि एक नको, दोन हवीत. एकटा माणूस शोभेचा होतो, मान हलवतो, दोघं असले की निदान बाहेर पडल्यावर एकमेकांशी बोलतात, पुढच्या वेळी धीर येतो. त्यातली एक बाई असू दे. निवड वस्तीने करायची, फादरांनी किंवा तुम्ही नाही. मिटिंगची वेळ त्यांची ड्युटी बघून. चर्चा मराठी-हिंदीत, इंग्रजीत झाली तर तिथल्या तिथे कुणीतरी सांगायचं. आणि त्यांना फक्त ‘वस्तीचा विषय’ आला की बोलवायचं असं करू नका, छताच्या दुरुस्तीचा खर्च, सणाचं बजेट, हॉलचं भाडं, सगळ्यावर त्यांचं मत घ्या. हॉलचं भाडं तर आवर्जून, कारण तो हॉल त्यांना लग्नाला परवडत नाही हे तुमच्यापैकी कुणी आजवर बोललं नसेल.

एक वस्तुस्थिती सांगून ठेवतो. कॅनन 536 प्रमाणे पॅरिश कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतं असतं, निर्णय फादरांचा. त्यामुळे फादर सोबत नसतील तर हे सगळं हवेत. त्यांच्याशी आधी एकट्याने बोला, सभेत नको. बहुतेक फादर चांगलेच असतात, थकलेले असतात, एक बिल्डिंग कमिटी, एक शाळा, तीन मिस्सा, आणि त्यात भांडण नको असतं त्यांना. त्यांना सांगा की तुम्ही जुन्या मागण्यांची यादी आणलीय आणि त्यातल्या दोन या महिन्यात बिनखर्चात होतात. तरीही टाळाटाळ झाली तर कॅनन 212 लक्षात ठेवा, आपल्या गरजा आणि आपलं मत धर्मगुरूंना कळवण्याचा विश्वासू जनांना हक्क आहे आणि कधीकधी ते कर्तव्यच आहे असं तो सांगतो. आदर ठेवून, लेखी, कौन्सिलमधल्या आणखी दोघांच्या सह्या घेऊन. वस्तीतल्या कुणाची सही त्यावर घेऊ नका.

वस्तीत जाल तेव्हा रात्री 8 नंतर जा, दोघंच जा, कुणाच्या तरी ओट्यावर बसा. सिनॉडमध्ये वापरली ती पद्धत तिथेही छान चालते, लिहिता-वाचता येण्याची गरज नाही: प्रार्थना, मग प्रत्येकाने एकदा बोलायचं आणि मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, थोडी शांतता, दुसऱ्या फेरीत आपलं पुन्हा न सांगता दुसऱ्याचं काय मनाला लागलं ते सांगायचं, मग सगळ्यांनी मिळून पुढे काय ते ठरवायचं. तुम्ही पहिल्या फेरीत बोलूच नका. आणि सावध राहा, वस्ती म्हणजे एक माणूस नाही. तिथेही पूर्वाश्रमीच्या महार घरांचं आणि मांग घरांचं आपसात असतं, तिथेही मोबाइल हातात घेऊन पुढे येणारा एक ‘कार्यकर्ता’ असतो जो सगळ्यांच्या वतीने बोलतो, आणि मागे चुलीजवळ नवऱ्याने टाकलेली एखादी बाई असते जिला कुणी विचारत नाही. बायकांची बैठक वेगळी घ्या, जमलं तर.

एक गोष्ट ऐकायला लागेल ती आधीच सांगतो. काही घरं तुम्हाला म्हणतील आम्ही आता बिलिव्हर्सकडे, म्हणजे कॅथोलिक नसलेल्या प्रार्थनामंडळांकडे, जातो. तेव्हा चेहरा पाडू नका आणि मारियामातेवरून वाद तर मुळीच घालू नका. विचारा, तिथे काय आवडतं? बहुतेक उत्तर असं येतं की पास्टर घरी येतो, आजारी असलं की हात ठेवून नावाने प्रार्थना करतो, पोराला गिटार वाजवू देतात. यातलं एकही काम असं नाही जे आपल्याकडे करायला रोमची परवानगी लागते.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही. तुमच्या पॅरिशमध्ये कदाचित दलित वस्ती नसेल, पण झारखंड, छत्तीसगडहून आलेल्या घरकाम करणाऱ्या मुली असतील, मुंबईत आणि गोव्यात तर आहेतच, ज्यांना मॅडम रविवारी सकाळी सोडत नाहीत. मूकबधिर असतील ज्यांच्यासाठी खुणांची भाषा येणारं एकही माणूस नाही. घटस्फोट झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बायका असतील ज्यांना कुणीतरी ‘तुला कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) चालत नाही’ असं सांगून ठेवलंय आणि ते चूक आहे, निव्वळ घटस्फोटामुळे कम्युनियन बंद होत नाही, आणि पुन्हा लग्न केलेल्यांबद्दलही पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या त्यांच्या कुटुंबविषयक पत्रात स्पष्ट लिहिलंय की ते चर्चबाहेर टाकलेले नाहीत. प्रत्येक ठिकाणी सुरुवात तीच, आधी काय मागितलं होतं आणि त्याचं काय केलं ते शोधा.

राजीनाम्याचं म्हणाल तर आत्ता नको. तुम्ही गेलात तर ती खुर्ची बहुधा आणखी एका इंग्रजी बोलणाऱ्याला जाईल आणि विषय मिटेल. टर्म पूर्ण करा, तोवर मिनिट्स मराठीतून लिहायचं काम मागून घ्या, हे काम कुणाला नको असतं त्यामुळे लगेच मिळेल, आणि दर महिन्याला त्याची एक प्रत वस्तीत वाचून दाखवा. तिसऱ्या टर्मला उभ्या राहू नका, हे मात्र आत्ताच जाहीर करून टाका, म्हणजे ती जागा कुणासाठी मोकळी होतेय यावर बोलायला कौन्सिलला वेळ मिळेल. आणि निवडून आलेल्या दोघांपैकी एक जण दोन मिटिंगांनंतर यायचा बंद झाला तर त्याच्या नावापुढे गैरहजर लिहून मोकळ्या होऊ नका, सुपरवायझरने त्याची शिफ्ट बदललीय का ते आधी विचारा.